दोन खुर्च्यांवर एक माणूस

मंडळी, विमान उशिरा सुटलं आणि कारण म्हणून ‘हवाई वाहतूक नियंत्रकांची कमतरता’ असं जाहीर झालं, की प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्या घटकेला यंत्रणेने माणसं कमी असल्याचं कबूल केलेलं असतं आणि तेवढीच विमानं हवेत ठेवलेली असतात. काळजी करायची ती वेगळ्या दिवशी. माणसं कमी आहेत आणि तरीही सगळी विमानं अगदी वेळेवर सुटताहेत, त्या दिवशी.

हे अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहू, कारण तिथले आकडे आणि अपघातांच्या चौकशा उघड्यावर आहेत. २०२५ मध्ये तिथे पूर्ण प्रमाणित नियंत्रक सुमारे १०,८०० होते, म्हणजे हवे त्यापेक्षा साधारण ३,००० कमी. बातमी होते ती या ३,००० ची. पण कुठल्याही एका रात्री कुठल्याही एका टॉवरमध्ये हा आकडा काहीच सांगत नाही. विचारायला हवं ते हे: आत्ता किती जागा एकमेकींत मिसळल्या आहेत?

जागा म्हणजे काय, तर कामाची वाटणी. टॉवरमध्ये एक नियंत्रक जमिनीवरची ये-जा पाहतो, दुसरा धावपट्टी आणि लगतचं आकाश सांभाळतो, कुणी उड्डाणाच्या मार्गाची परवानगी वाचून दाखवतो. मोठ्या विमानतळावर हेलिकॉप्टरसाठी वेगळा माणूस असतो. विमान उंच गेलं की ते रडारवाल्यांकडे जातं. तिथे आकाशाचे सेक्टर पाडलेले असतात, आणि गर्दीच्या सेक्टरवर दोघं बसतात: एक बोलतो, दुसरा पुढच्या १५-२० मिनिटांचं गणित मांडतो, शेजारच्या सेक्टरशी फोनवर ठरवतो आणि बोलणाऱ्याच्या चुका पकडतो. विमानतळाजवळ रडारवर साधारण ३ सागरी मैल, लांबच्या मार्गावर ५ मैल, किंवा मग उंचीत १,००० फूट, एवढं अंतर राखायचं असतं. वाहतूक कमी झाली की दोन सेक्टर एका पडद्यावर आणतात, दोन रेडिओ फ्रीक्वेन्सी एका हेडसेटवर जोडतात. यात गैर काही नाही. रात्री अडीचला रिकामं आकाश चौघांनी का पाहायचं? पंचाईत होते ती वाहतूक ओसरण्याआधीच जागा मिसळली तर.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ, पोटोमॅक नदीवर, उतरायला येणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले. ६७ माणसं गेली. त्या टॉवरमध्ये हेलिकॉप्टरची जागा एरवी रात्री साडेनऊच्या सुमारास धावपट्टीच्या जागेत मिसळत. त्या दिवशी ती आधीच मिसळली होती आणि टक्कर पावणेनऊच्या सुमारास झाली. एकच नियंत्रक दोन फ्रीक्वेन्सींवर बोलत होता. तो दोघांना ऐकत होता, पण विमानाच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि हेलिकॉप्टरवाल्यांना विमानाचं. ‘विमानाच्या मागून जा’ ही नियंत्रकाची सूचना हेलिकॉप्टरपर्यंत बहुधा पोचलीच नाही, कारण नेमकं त्याच वेळी त्यांनी स्वतःच्या माइकचं बटण दाबलेलं होतं. अवघ्या ०.८ सेकंदासाठी.

सगळा दोष माणसांच्या कमतरतेवर ढकलणं मात्र चुकीचं होईल. त्या नदीवरचा हेलिकॉप्टर मार्ग आणि धावपट्टी ३३ कडे उतरण्याची वाट यांत, सगळं नियमाप्रमाणे असतानाही, उंचीचं अंतर जास्तीत जास्त ७५ फुटांच्या आसपास होतं. हेलिकॉप्टर तर ठरलेल्या २०० फुटांच्या वर होतं. विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, टीकॅस, सुमारे हजार फुटांखाली ‘वर जा, खाली जा’ असा आदेश देतच नाही. फक्त ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढं ओरडते, आणि ते ती ओरडली होती. एवढ्या कमी उंचीवर शेवटचा आधार उरतो तो माणसाच्या नजरेचा. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्याच विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या १ सागरी मैल आणि ४०० फुटांच्या आत आल्याच्या १५,२१४ नोंदी तपासात निघाल्या. आराखडाच इतका घट्ट असेल, तर तिथली हेलिकॉप्टरची वेगळी जागा ही चैन म्हणता येणार नाही. तो आराखड्याचाच एक भाग असतो.

याहून शिकण्यासारखं प्रकरण १ जुलै २००२ चं, जर्मनीतल्या युबरलिंगनवर झालेल्या टकरीचं. आकाश जर्मनीचं, नियंत्रण झुरिकहून. दोघांच्या पाळीत एक जण विश्रांतीला गेलेला, आणि रात्री तसं जाण्याची तिथे रूढीच पडलेली. उरलेला एकटा दोन पडद्यांवर, दोन फ्रीक्वेन्सींवर. त्या रात्री देखभालीमुळे मुख्य फोन बंद होता आणि रडार कमी क्षमतेवर चालत असल्याने पडद्यावर धोक्याची सूचना उमटत नव्हती. उशिरा आलेलं एक विमान फ्रीड्रिशहाफेनला उतरवायचं होतं. त्यासाठी तो फोन लावत राहिला आणि लागत नव्हता. जर्मनीतल्याच कार्ल्सरूहे केंद्राच्या नियंत्रकाला टक्कर होऊ घातलेली दिसत होती, पण त्याचाही फोन झुरिकला लागेना. टकरीच्या ४३ सेकंद आधी झुरिकच्या नियंत्रकाने दोनांपैकी एका विमानाला, तुपोलेव्हला, खाली यायला सांगितलं, आणि काही क्षणांतच त्याच विमानातला टीकॅस ‘वर जा’ म्हणू लागला. ७१ मृत्यू. दुसरा माणूस खुर्चीत असता तर फोन त्याने लावला असता. दुसऱ्या खुर्चीचं काम इतकं साधं असतं, म्हणूनच हिशेबाच्या वहीत ती आधी कापली जाते.

मग भरती का होत नाही? होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने १,८११ जण घेतले. पण घेतलेला माणूस म्हणजे नियंत्रक नव्हे. वयाची ३१ वर्षं पूर्ण होण्याआधी भरती, ५६ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती; मधल्या काळात ओक्लाहोमा सिटीची प्रबोधिनी, आणि तिथेच बरेच जण गळतात. उरलेले नेमणुकीच्या ठिकाणी जातात, तिथे प्रत्येक जागेचं प्रमाणपत्र वेगळं. शिकाऊ माणूस खऱ्या विमानांशी बोलतो, आणि शेजारी त्याच फ्रीक्वेन्सीवर हेडसेट लावून एक प्रमाणित नियंत्रक बसतो, क्षणात बोलणं आपल्या हाती घ्यायला तयार. यात दोन-तीन वर्षं सहज जातात. इथेच सगळा फास आहे: शिकवणारा जो, तोच पाळी भरणारा. ज्या केंद्रात माणसं सर्वांत कमी, तिथे शिकवायला कुणी मोकळा नसतो, म्हणून तिथेच भरती सर्वांत सावकाश पिकते. दुसरीकडून अनुभवी माणूस आणावा, तर तिथला नकाशा, वळणं, उंच्या, शेजारच्या केंद्राशी झालेले करार सगळं नव्याने पाठ करून त्याला पुन्हा प्रमाणित व्हावं लागतं. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावरच्या ११,००० हून अधिक नियंत्रकांना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी काढून टाकलं. त्यांच्या जागी जे एकगठ्ठा आले, ते निवृत्तही एकगठ्ठाच झाले.

दरम्यान जे आहेत त्यांतले बरेच जण आठवड्याला सहा दिवस, दहा-दहा तास. नियंत्रकांची जुनी पाळीपद्धत अशी: दोन दुपारच्या पाळ्या, मग दोन सकाळच्या, शेवटी एक रात्रपाळी. प्रत्येक पाळी आधीच्या पाळीच्या आधी सुरू होते, म्हणजे झोप दरवेळी आखडते. त्याच्या बदल्यात आठवड्याअखेरची लांब सुट्टी मिळते. सहावा दिवस सक्तीचा झाला की ती सुट्टीच गेली, आखडलेली झोप तेवढी राहिली. २०२४ मध्ये दोन पाळ्यांत १० तास आणि रात्रपाळीआधी १२ तास विश्रांतीचा नियम जाहीर झाला, तो याच कारणाने. थकलेला नियंत्रक पेंगतोच असं नाही, हे लक्षात घ्या. तो चुकीचं उत्तर बरोबर म्हणून ऐकतो. त्याने ‘५,०००’ सांगितलं, वैमानिकाने ‘६,०००’ म्हणून परत वाचलं, आणि कानाने अपेक्षित तेच ऐकलं. ही चूक पकडतो तो शेजारी बसलेला दुसरा.

पाळीबदलाचंही तसंच. नवा माणूस आधी मागे उभा राहून पडदा वाचतो, मग यादी समोर ठेवून जुना सांगतो: हवा, धावपट्टी, बंद उपकरणं, कुणाला काय वचन दिलंय. मग नवा बसतो आणि जुना काही मिनिटं तिथेच थांबतो. पहिली मिनिटं नाजूक समजली जातात. माणसं मोजकी असली की पहिल्यांदा कापलं जातं ते हे थांबणं, कारण जुन्याला पुढच्या खुर्चीवर जायचं असतं.

बरं, मग हा ताण मोजून हवेबाहेर ठेवता येतो का? येतो. माणसं कमी पडली की दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, किंवा येणाऱ्यांना आपापल्या विमानतळावर जमिनीवरच थोपवतात. जानेवारी २०१९ मध्ये खर्चाच्या मंजुरीच्या वादात सरकार ठप्प असताना न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर हेच झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार पुन्हा ठप्प असताना पगाराविना काम करणारे नियंत्रक कमी पडू लागले, तेव्हा ४० विमानतळांवरची उड्डाणं ४ टक्क्यांपासून कमी करायला घेतली. आरडाओरडा झाला, पण निर्णय योग्य होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाचं उदाहरण यात दोन्ही बाजू दाखवतं. लाँग आयलंडच्या केंद्रात माणसं टिकत नाहीत म्हणून जुलै २०२४ मध्ये नेवार्कच्या आकाशाचं नियंत्रण फिलाडेल्फियाला हलवलं. रडारची माहिती मात्र लाँग आयलंडहून तारांवरूनच येत राहिली. म्हणजे माणसांचा प्रश्न सोडवताना तारांवरचा भार वाढवला. २८ एप्रिल २०२५ ला ती जोडणी तुटली आणि पडदे व रेडिओ दोन्ही सुमारे दीड मिनिट गेले. काही नियंत्रक धक्क्याने रजेवर गेले, म्हणजे आणखी खुर्च्या रिकाम्या. मग जूनच्या मध्यापासून मर्यादा घातली गेली: तासाला ३४ विमानं उतरतील आणि ३४ सुटतील. कंपन्यांना वेळापत्रक कापावं लागलं.