काळ्यानं काय खेळणार?

(दृश्य: दादर स्थानक, रविवार सकाळ. पुलावरची गर्दी.)

रविवार, त्यात मेगाब्लॉक. डोंबिवलीहून निघालेली ही नववीतली मुलगी बाबांबरोबर दादरला उतरली तेव्हा बुद्धिबळ स्पर्धेच्या पहिल्या फेरीला वीस मिनिटं उरली होती. पुलावरून उतरता उतरता बाबांनी विचारलं, "काळी मोहरी आली तर काय खेळणार?"
"सिसिलियन."
"ते माहितेय गं. पण कुठला?"

(दृश्य: पट. काळ्याचं सी-प्यादं दोन घरं पुढे.)

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की काळ्यानं समोरासमोर न भिडता वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं, म्हणजे सी-प्यादं, काढायचं. (पटावर उभ्या पट्ट्यांना ए ते एच, आडव्या ओळींना १ ते ८.) हा सिसिलियन बचाव. नावाला बचाव, स्वभावानं भांडखोर. खरा प्रश्न सुरू होतो पुढे. कल्याणला कर्जत आणि कसाऱ्याच्या गाड्या वेगळ्या होतात, तसा इथे पाचव्या चालीला फाटा फुटतो.

एक फाटा नायडॉर्फचा. काळा कडेचं ए-प्यादं फक्त एक घर सरकवतो. नवख्याला वाटतं, चाल फुकट गेली. पण त्या एका घरामुळे पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला बी-५ बंद होतं, आणि काळ्याचं बी-प्यादं पुढे यायला मोकळं होतं. मिगेल नायडॉर्फ मूळचा पोलंडचा. १९३९च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडसाठी तो ब्यूनॉस आयर्सला गेला, इकडे युद्ध पेटलं, आणि तो अर्जेंटिनाचाच झाला. पुढे जगज्जेते फिशर आणि कास्पारोव्ह यांनी ही पद्धत गाजवली.

मात्र नायडॉर्फ अभ्यास मागतो, आणि भरपूर मागतो. सहाव्या चालीला पांढऱ्यापुढे पाच-सहा रस्ते असतात, आणि प्रत्येकाचं उत्तर निराळं. १९७२ साली आइसलंडमधल्या रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या अकराव्या डावात फिशरच्या वजिरानं बी-२ वरचं 'विषारी प्यादं' खाल्लं. चौदाव्या चालीला त्याचा प्रतिस्पर्धी स्पास्की यानं सी-३ वरचा घोडा मागे नेला. कुठे, तर बी-१ ला. जिथून निघाला तिथेच! पुढे दहा चालींत फिशरचा वजीर कोंडला गेला. फिशरचं हे झालं, तर डोंबिवली-दादर प्रवासात मोबाइलवर चालींची लाइन पाठ करणाऱ्यांचं काय?

(दृश्य: जी-७ वरचा काळा उंट. कॅमेरा तिरप्या रेषेत सरकतो.)

दुसरा फाटा ड्रॅगन. इथे जी-प्यादं एक घर पुढे, आणि त्यामागे जी-७ ला उंट. तिथून त्याची नजर पटाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मी स्वतः जुना ड्रॅगनवाला, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा पक्षपात येणार, तो सांभाळून घ्या. १९९५ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, १०७व्या मजल्यावर, आनंद-कास्पारोव्ह लढतीचे पहिले आठ डाव बरोबरीत सुटले. नववा आनंदनं मारला. मग कास्पारोव्हनं ड्रॅगन बाहेर काढला आणि अकरावा, तेरावा असे दोन डाव त्यावर जिंकले.

ड्रॅगनची दुखरी बाजूही उघड आहे. पांढरा राजा वजिराच्या बाजूला नेऊन किल्लेकोट करतो, एच-प्यादं सोडतो आणि सरळ तुमच्या राजाच्या दारात येतो. तुम्ही सी-पट्टीत हत्ती आणायचा, वेळ आली तर तो देऊन सी-३ वरचा घोडा उडवायचा. कोण आधी पोचतो, एवढाच हिशेब. एक चाल उशीर, आणि डाव संपला.

तिसरा, स्वेश्निकोव्ह, कल्याणपर्यंत येतच नाही. तो ठाण्यालाच गाडी बदलतो. दुसऱ्या चालीला वजिराकडचा घोडा, पाचव्या चालीला ई-प्यादं दोन घरं. डी-५ चं घर काळ्याच्या प्याद्यांना राखता येत नाही, कायमचं भोकासारखं उघडं. जुने लोक बघून नाक मुरडायचे. २०१८ साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन हेच खेळला. प्रतिस्पर्धी कारुआनानं आधी उंट बी-५ ला आणून मुख्य वाट टाळली, मग उत्तरार्धात तीनदा थेट भिडला. तिन्ही डाव बरोबरीत.

(दृश्य: मंगल कार्यालय. भिंतीवर पेअरिंगचा, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा, कागद, भोवती पालक.)

मुलीच्या सरांनी पुस्तकं बाजूला ठेवून तिला एकच विचारलं होतं: "राजावर हल्ला येत असताना तुझा हात थरथरतो का?" ती म्हणाली, "नाही." सर म्हणाले, "मग सध्या ड्रॅगन. नायडॉर्फ दहावीनंतर बघू." मला हे पटलं. ड्रॅगनमध्ये काय करायचं ते निदान समजतं, मग चुकलं तरी का चुकलं ते कळतं.

पेअरिंग लागलं. काळीच आली. पालकांना हॉलबाहेर काढलं. बाबा कोपऱ्यावर वडापाव घेऊन उभे राहिले.

पाऊण तासानं ती बाहेर आली.
"ड्रॅगन?"
"कसला ड्रॅगन! त्यानं दुसऱ्याच चालीला सी-प्यादं एक घर टाकलं."
"मग?"
"मग काय, घोडा एफ-६."
"आणि?"
"बरोबरी. बाबा, मला पण एक वडापाव."