फोटोत न दिसणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या फोटोंच्या आठवणी लिहून पाठवा, असं आवाहन आमच्या मासिकाने केलं, तेव्हा एखाददुसऱ्या अंकापुरता मजकूर जमेल असा आमचा अंदाज होता. पत्रं अजून येतायत. वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आजीने सांगितलेलं नातीने टाइप केलेली. ती वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. माणसं लिहितात ती फोटोत काय आहे यापेक्षा त्यात काय दिसत नाही याबद्दल.

सदाशिव पेठेतल्या एका वाचकांच्या बैठकीच्या खोलीत आजोबांचा मोठा फोटो आहे. आजोबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा फोटोच घरात नव्हता. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांना वेगळं काढलं, आजूबाजूची मंडळी ब्रशने करडी करून टाकली आणि एन्लार्जमेंट करून दिली. पण खुर्चीच्या पाठीवर एक हात तसाच राहिला. इतकी वर्षं हार बदलले, काच पुसली, त्या हाताबद्दल कुणी विचारलं नाही. पत्र लिहायला बसल्यावर या गृहस्थांनी थोरल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, मनगट बघ. बांगडी नाही. आपल्या आत्याबाई त्या."

आत्याबाई म्हणजे आजोबांची मोठी बहीण. लहानपणीच नवरा गेला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला. तिथे त्या शिकल्या, पुढे शाळेत शिकवू लागल्या आणि धाकट्या भावाची फी भरत राहिल्या. त्यांचा दुसरा फोटो नाही. मला हे पत्र आलेल्या सगळ्या पत्रांत मोलाचं वाटतं.

बऱ्याच पत्रांत 'आगफा क्लिक थ्री' आहे. तो डबा कॅमेरा इथलाच, बडोद्याला तयार व्हायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे हात आखडता. गणपतीला घातलेला रोल संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत पुरवायचा, मग तो धुवायला जायचा. फोटो काढायचे वडील, म्हणून वडील फोटोत नाहीत. कोथरूडच्या एका ताईंनी मात्र लिहिलंय, की पर्वतीच्या पायऱ्यांवर भावंडं ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी वडिलांची सावली पडली आहे, दोन्ही कोपर बाहेर काढलेली. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा, हा तेव्हाचा नियमच होता.

आणि पानशेत. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नारायण पेठेतल्या आजींनी कळवलंय, की ट्रंकेतले फोटो चिखलातून काढले तेव्हा त्यांची एकच वीट झाली होती. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि सुकताना शेजारच्या फोटोला धरून बसतो. पण पूर्वी लग्नमुंजीच्या फोटोंच्या प्रती नातेवाइकांना पाठवायची पद्धत होती ना! सांगलीच्या मामांनी, नाशिकच्या मावशींनी आपापल्या प्रती परत पाठवल्या. आजींचा आजचा अल्बम असा लोकांनी परत केलेला आहे.

तेव्हा एक मनापासूनची विनंती. घरातल्या थोरांना फोटो दाखवा आणि ती सांगतील ते फोटोच्या मागे लिहा. नाव, नातं, गाव, साधारण साल. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे फोटो पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा, फोटो आत घालायच्या आधी.

जाता जाता, हडपसरच्या वाचकांनी विचारलंय, आईवडिलांचा लग्नातला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, काय करू? सोडवायला जाऊ नका. नख, सुरी, ओला बोळा, काहीही लावू नका. चेहऱ्यावरचा थर काचेबरोबर निघून येईल. काचेसकट, उजेडाची तिरीप पडणार नाही अशा जागी ठेवून त्याचा आधी चांगला फोटो काढून घ्या आणि त्याच्या प्रती भावंडांना पाठवा.

नमस्कार.