‘टक्’च्या आधी: एसी लावल्यावर गाडी का थरथरते?

(बॉनेट उघडं. इंजिन गरम आणि चालू. कॉम्प्रेसरच्या पुलीवर कॅमेरा.)

पुलीकडे बघा. बाहेरचं चाक बेल्टबरोबर फिरतंय, मधली क्लच प्लेट मात्र जागच्या जागी आहे. आता आत बसलेल्या माणसाने एसीचं बटण दाबलं. टक्! प्लेट चिकटली, कॉम्प्रेसर फिरायला लागला आणि आरपीएमचा काटा ८५० वरून सरळ ६०० वर आला. हुडहुडी भरल्यासारखी गाडी थरथरतेय. अशीच सिग्नलला उभी असती, तर बंदच पडली असती.

आता ही दुसरी, धडधाकट गाडी. डोळे मिटून नुसता आवाज ऐका. बटण दाबलं, इंजिनाचा आवाज किंचित चढला आणि मग टक् झालं. सगळी गंमत या क्रमात आहे. एसीची मागणी आधी ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे जाते. ईसीएम इंजिनात थोडी जास्त हवा सोडतो, क्षणभर थांबतो आणि मगच रिलेमार्फत क्लचला करंट देतो. भार पडायच्या आत इंजिन तयार असतं.

ही तयारी लागतेच, कारण आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता गाडी नुसती चालू असताना, इंजिन जेमतेम स्वतःला फिरवत असतं. त्यातून कॉम्प्रेसर एक-दोन किलोवॉट मागतो. तीन सिलिंडरच्या ८०० सीसी इंजिनाला हा भार जड जाणारच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हेच काम व्हॅक्यूमवर चालणारा एक डायफ्राम करायचा. एसी लागला की तो थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, दांडी जराशी ओढून धरायचा.

(स्क्रू ड्रायव्हर थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूकडे जातो. हात थांबतो.)

इथे हात आवरायचा. आयडल कमी पडतोय म्हणून हा स्क्रू पिळणं हा सगळ्यात सोपा इलाज आणि सगळ्यात मोठा घोळ. एसी लावल्यावर गाडी तात्पुरती सावरते, पण एसी बंद केला की आयडल १२०० वर जाऊन बसतो. पेट्रोल फुकट जातं, आणि ट्रॅफिकमध्ये क्लचचं पेडल सोडलं की गाडी स्वतःहून पुढे ओढते. मूळ दोष जिथल्या तिथेच राहतो, वर पुढच्या मिस्त्रीला गाडीचं मूळ सेटिंगही सापडत नाही.

त्यापेक्षा दहा मिनिटं तपासणीला द्या. रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद झाला की इंजिन पुरेसं गरम झालं असं समजा. एसी बंदच ठेवा. हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर लावा. मग स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवा. यानेही काटा घसरत असेल, तर एसीवर आळ घेऊ नका. इंजिन कुठलाच भार पेलत नाहीये. बॅटरीच्या टोकांना मीटर लावून बघा, इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. स्पार्क प्लगही काढून बघून घ्या.

आता दुसरी चाचणी. ही आमच्या मते लाखमोलाची आहे. इंजिन बंद करून कॉम्प्रेसर क्लचचा कनेक्टर काढा आणि गाडी पुन्हा चालू करा. फॅन कधीही अचानक फिरेल, त्यामुळे हात आणि बाह्या लांब ठेवा. आता एसीचं बटण दाबा. कॉम्प्रेसर फिरणार नाही, पण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत आयडल तरी चढायला हवा. चढला, तर निरोप पोचतोय आणि हवाही येतेय. मग दोष भारात शोधायचा. काटा ढिम्म राहिला, तर भाराकडे नंतर बघू.

काटा हलला नाही, तर स्कॅनर लावा आणि लाइव्ह डेटात एसीची मागणी बघा. बटण दाबूनही ‘बंद’च दिसत असेल, तर ईसीएमला काही कळलेलंच नाही. बाहेरून बसवलेल्या एसीत किंवा कुणी जुगाड करून क्लचला थेट वायर दिली असेल, तर हमखास असं होतं. कॉम्प्रेसर न सांगता लागतो आणि इंजिन बेसावध सापडतं.

(थ्रॉटल बॉडी उघडलेली. बटरफ्लायच्या, म्हणजे आतल्या गोल पाकळीच्या, कडेला काळा थर.)

मागणी दिसतेय तरी काटा हलत नाही? मग हे बघा. पाइप काढल्यावर बटरफ्लायच्या कडेला डांबरासारखं काळं कडं दिसतंय. क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफेचा हा कार्बन. हवेची फट बुजत गेली की आयडलला हवा पुरवणारा आयडल व्हॉल्व्ह तेवढीच हवा मिळवायला रोज थोडा जास्त उघडतो. एसी बंद असतानाच तो जवळपास पूर्ण उघडलेला असतो. एसी लागल्यावर आणखी उघडायला जागाच उरत नाही. म्हणून तक्रार एसीची वाटते.

साफ करताना थ्रॉटल क्लीनर थेट मारू नका, आधी कापडावर घ्या आणि मग कडा पुसा. केबलवाली थ्रॉटल असेल तर आयडल व्हॉल्व्ह काढून त्याची सुई आणि बसायची जागाही पुसा. सुई बोटाने दाबायची नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये बटरफ्लाय हाताने ढकलायची नाही, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. आणि काम झालं की स्कॅनरने ईसीएमला आयडल पुन्हा शिकवायचा. हे राहिलं, तर ईसीएम जुन्याच हिशोबाने हवा सोडतो आणि गाडी साफसफाईनंतर जास्तच रेस घेते. गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी परत येतं.

आता भाराचा प्रश्न. इंजिन बंद असताना क्लचची मधली प्लेट हाताने फिरवा. ती अडखळत किंवा खरखरत फिरली, तर कॉम्प्रेसरच जड झालाय. नीट फिरली, तर एसीच्या गॅसचं प्रेशर मोजणारे गेज लावा. दारं उघडी, ब्लोअर पूर्ण, इंजिन १५०० आरपीएमला. बाहेर ३० ते ३५ अंश असताना आर-१३४ए गॅसच्या गाडीत लो साइड (कॉम्प्रेसरमध्ये येणारा गॅस) साधारण २२ ते ३६ पीएसआय आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून दाबून निघालेला गॅस) २०० ते २३० पीएसआय असावी. नागपूरच्या मे महिन्यात गेजचा काटा याहून वर जाणारच. पण हाय साइड चढतच राहिली, तर कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर, पाइपने पाणी सोडा. प्रेशर झपकन उतरलं आणि आयडल सावरला, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. फॅन बघा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा, तिथे माती आणि किड्यांचा नमद्यासारखा थर निघतो. दोन्ही ठीक असतील, तर बहुधा अंदाजाने गॅस जास्त भरलाय किंवा व्हॅक्यूम न करताच (पंपाने आतली हवा न ओढताच) भरल्याने आत हवा राहिलीय. गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, अर्धा तास व्हॅक्यूम करा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत, तितकेच वजन करून भरा.

गॅस कमी असला तरी त्रास होतोच, पण वेगळा. क्लच दर काही सेकंदांनी लागतो आणि सुटतो, काटा झोके घेत राहतो.

(डॅशबोर्ड. काटा ९०० वर स्थिर. स्टिअरिंग थरथरतंय.)

आणि ही शेवटची गाडी. एसी चालू, काटा ९०० वर खिळलेला, तरी स्टिअरिंग बधिर करणारी थरथर. इथे आयडलमध्ये काही नाही. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन अगदी हलकं उचला. थरथर थांबली? फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते, रबर फाटलंय.