‘मला जमेल’ हे कुठून येतं?

नमस्कार श्रोतेहो. मी वाणिज्य शाखेत शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी विचारतो, स्वतःचा धंदा कोणाला करायचाय? भराभर हात वर होतात. घरी सांगितलंय का, असं विचारलं की बरेचसे हात खाली येतात.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही आपली म्हण घराघरांत कधीच उलटी झालीय. आईवडिलांना मी दोष देत नाही. कर्ज काढून ज्यांनी शिकवलं, त्यांना एक तारखेचा पगार हवासा वाटणारच.

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली एका लेखात सविस्तर मांडलंय, की माणसाचा बेत तीन गोष्टींवर ठरतो. ते काम आपल्याला कसं वाटतं, आपली माणसं काय म्हणतील, आणि ते आपल्याला जमेल का. उद्योजकतेच्या अभ्यासकांनी पुढे हीच चौकट विद्यार्थ्यांना लावून पाहिली.

माझा जीव अडकतो तो तिसऱ्या गोष्टीत. ‘जमेल’ हा विश्वास येतो कुठून? आल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली याचं उत्तर दिलं. सगळ्यात पक्का विश्वास येतो स्वतः करून पाहिल्यावर. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेलं पाहून. ‘आपल्यासारख्या’ हा शब्द फार मोलाचा आहे. मोठ्या उद्योगपतीचं भाषण मुलं टाळ्या वाजवून ऐकतात, पण एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेला गल्लीतला दादा त्यांना आतून हलवतो. नुसत्या ‘शाब्बास, तू करशील’चा जोर त्या मानानं कमी. आणि छातीत धडधडलं की मुलं त्याचा अर्थ ‘आपल्याला झेपणार नाही’ असाच लावतात.

आमच्या कॉलेजात तीन दिवसांचा आनंदमेळा भरतो. एका वर्षी वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं चकलीचा स्टॉल लावला. पहिल्या दिवशी तिनं फक्त भाजणीचा खर्च धरला. तेल, गॅस, पिशव्या विसरली. तोटा झाला. संध्याकाळी वहीत सगळा हिशोब मांडून तिनं दुसऱ्या दिवशी दर वाढवला. गिऱ्हाईक कुरकुरलं, तरी ती ठाम राहिली. तीन वर्षांच्या तासांमध्ये मी तिला जे देऊ शकलो नव्हतो, ते त्या वहीनं दिलं.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. बराच वेळ लांबूनच बघत होते. मग स्टॉलपाशी जाऊन खिशात हात घालत म्हणाले, “सुट्टे लागतील का गं तुला?”