उद्यापर्यंत टिकणारी बातमी

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, संयोजकांनी विषय दिलाय ‘जिल्ह्याच्या टीव्ही वार्ताहराची कारकीर्द’. कारकीर्द म्हटलं की माणूस पायऱ्या चढत वर गेला असेल, असं वाटतं. आमच्या धंद्यात जिल्ह्याला पायऱ्याच नाहीत. पहिल्या दिवशी जे करायचं तेच वीस वर्षांनी करायचं, फक्त हातातल्या बूमवरचा, म्हणजे माइकवरचा, लोगो तेवढा बदललेला असतो. तेव्हा मी माझं चरित्र सांगत बसत नाही. टेप मुंबईला कशी पोचायची, ते सांगतो. सगळं त्यावरच ठरत होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण सांगली-मिरजेचा माणूस पडद्यावर रोज दिसायला लागला तो खासगी वाहिन्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात प्रतिनिधी नेमल्यावर, म्हणजे २००० च्या पुढं. तेव्हा शूटिंग करून टेप लिफाफ्यात घालायची, स्टँडवर जायचं, ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि ऑफिसला फोनवर गाडीचा नंबर सांगायचा. टेप पोचणार सकाळी, दिसणार दुपारी, कधी परवा. आता सांगा, त्या टेपवर अपघाताची बातमी पाठवून उपयोग काय? ती सकाळच्या पेपरात छापून आलेली असायची. म्हणून आम्ही जे उद्याही शिळं होणार नाही तेच पाठवायचो. तासगावचा बेदाणा, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, संगमावरचं हरिपूर. मुंबईच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडणाऱ्यांकडं, याला ‘सॉफ्ट स्टोरी’ किंवा फीचर म्हणतात, आणि म्हणताना आवाजही जरा सॉफ्ट होतो. आम्हाला कुणी फीचरची गोडी लावली नव्हती. एसटीनं लावली.

२००७ मध्ये मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या. मग एफटीपी, म्हणजे नेटवरून फाइल पाठवायची सोय, आली, पुढं मोबाइलचं नेट आलं, आणि सगळं उलटं झालं. घडलं की पाच मिनिटांत फुटेज हवं. स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या वार्ताहराला, पैसे स्टोरीमागं मिळतात, तेही ती वाहिनीवर लागली तर. पाठवली आणि लागली नाही तर पेट्रोल आपलं. अर्ध्या तासात होणाऱ्या अपघाताच्या बातमीला जो दर, तोच दोन दिवस खपून केलेल्या फीचरला. घर चालवायचं असेल तर माणूस काय करील, हे मी सांगायला नको. तरुण मुलं फीचर करत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवणारे लोक त्यांचं बिल बघत नाहीत.

आता एक स्टोरी नीट सांगतो, म्हणजे फीचर कशाशी खातात ते कळेल. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी सगळे कॅमेरे सतारमेकरांच्या दारात. सगळ्यांनी काय दाखवलं? टांगलेले भोपळे आणि भोपळ्यावरची नक्षी. दिसायला सुरेख आहे, माझी तक्रार नाही. पण मिरजेचं नाव झालंय ते जवारीसाठी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कारागीर कानशीनं घासतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, तार उतरवतो, पुन्हा किंचित घासतो. तार घोडीच्या माथ्याला जेमतेम शिवून थरथरली पाहिजे. ते जमलं की सूर नुसता वाजून थांबत नाही, घुमत राहतो. तासन् तास हेच चालतं. बघायला त्यात काही नाही, एक माणूस खाली मान घालून बसलाय. ही स्टोरी डोळ्यांची नाहीच, कानांची आहे.

तिथं गेल्यावर पहिलं काम म्हणजे पंखा बंद करायचा. दुसरं, बूम कारागिराच्या तोंडापुढून काढून घोडीजवळ न्यायचा. घासण्याआधीचा सूर आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा, कारण एकदा घासलेली घोडी परत न घासलेली होत नाही. ‘चाचा, जरा पुन्हा करून दाखवता का?’ हे वाक्य तिथं चालत नाही. आणि मग बसायचं. गल्लीतून रिक्षा गेली की तो सूर गेला, पुढच्याची वाट बघायची. शेवटी पॅकेजमध्ये, म्हणजे जोडून तयार केलेल्या स्टोरीत, आधीचा सूर आणि नंतरचा सूर पाठोपाठ लावायचे, मध्ये व्हॉइस ओव्हर नाही, संगीत तर मुळीच नाही. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही फरक ऐकू येतो. मुंबईच्या एडिटरनं त्या जागेवर बासरी टाकली तर सगळी मेहनत वाया, आणि टाकतात हो! मी स्क्रिप्टवर मोठ्या अक्षरात लिहायचो, ‘इथं म्युझिक नको’.

हरिपूरच्या पेवांचं उलटं. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, हळद साठवायची पेवं. २००५ च्या पुरानं त्यांची वाट लागली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, ते काही तास मोकळं ठेवतात. डेस्कचा प्रश्न ठरलेला, ‘दिसतंय काय? एक भोक.’ खरंच भोकच दिसतं! तिथं बोलणारा म्हातारा हमालच शोधावा लागतो.

२०१६ चा एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा टाक्या, जवळपास पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर मुंबईच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन, प्रत्येकाची पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून बोलणं, इंजिनासमोर. बातमी मोठीच होती. पण त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीच्या गावांत बायका टँकरची वाट बघत होत्या. कृष्णेचं पाणी शेकडो किलोमीटर जात होतं आणि जतला नव्हतं. हे सांगायला इंजिनाकडं पाठ करून पूर्वेला गाडी काढावी लागत होती. लातूरला पाणी गेलं याचं मला वाईट वाटलं नाही, तहान ती तहान. पण जिल्ह्याच्या माणसानं जिल्ह्याचा नकाशा पुरा दाखवायला नको का?

२०१९ च्या पुरात फीचरवाल्याचा खरा उपयोग कळला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. दर अर्ध्या तासाला फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी, ‘आयर्विनवर किती?’ मी आकडा सांगत होतो, तोवर दुसऱ्या फोनवर गावं येत होती. कुणाची हळद दाखवली होती, कुणाची जत्रा, कुणाचा वाद्यांचा कारखाना. त्यांच्याकडं माझा नंबर होता. कुठल्या गल्लीत किती माणसं माळ्यावर बसलीत, हे कंट्रोल रूमच्या आधी कळायचं ते त्यांच्यामुळं. हा सोर्स पोलीस स्टेशनच्या चहावर तयार होत नाही.

आणि पाणी उतरल्यावर व्हॅन परत गेल्या. त्यानंतरच्या बातम्या तर सगळ्या उरलेल्याच होत्या. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली होती. भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवलं म्हणजे वाळलं असं नसतं, पानं चिकटतात, बुरशी धरते. कुठलं वाचवायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवणाऱ्या माणसांचे चेहरे एका दिवसाच्या लाइव्हमध्ये येत नाहीत.

आता मोबाइलवर दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ लोक बघतात. म्हणजे शिळं न होणाऱ्या बातमीला पुन्हा जागा झाली आहे, आणि या वेळी स्टँडवर जायची गरज नाही. पैशाचं गणित मात्र अजून जुळलेलं नाही, ते खोटं सांगणार नाही.

समोर पत्रकारितेची मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी एक काम देऊन जातो. विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाईवाले देशभर सोन्या-चांदीची गाळणी करतात. त्यांना परराज्यात गाठायला तुमच्याकडं पैसे नाहीत, माझ्याकडंही नव्हते. पण गावची यात्रा आली की ते घरी येतात. त्या दिवसांत जा, कॅमेरा पहिल्या दिवशी पिशवीतच ठेवा, जेवायला बसा. मी येईन बरोबर. ट्रायपॉड मात्र तुम्ही उचलायचा.