पूल कोणाचा आणि शिव्या कोणाला

शहराच्या वाहतुकीवर हक्क कोणाचा, केंद्राचा, राज्याचा की पालिकेचा, हा आपला विषय. अंधेरीचा गोखले पूल इथे बसलेल्या सगळ्यांना माहितीये, म्हणून तिथूनच सुरू करतो. ३ जुलै २०१८, सकाळी धो धो पाऊस, आणि पुलाचा फूटपाथचा भाग कोसळून थेट रुळांवर आला. ढिगारा उपसून होतोय न होतोय तोवर टीव्हीवर वाद सुरू, की पूल कोणाचा. रुळांवरचा तुकडा रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार पालिकेचे, पालिका म्हणे देखभालीचे पैसे आम्ही रेल्वेला देतो, रेल्वे म्हणे पुलावर केबल आणि पेव्हर टाकून वजन तुम्ही वाढवलंत. आणि लोकांच्या शिव्या कोणाला, तर गल्लीतल्या नगरसेवकाला, ज्याचा त्या गर्डरशी, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळईशी, काडीचा संबंध नाही.

पुढची गंमत तर सगळ्यांना पाठ आहे. नोव्हेंबर २०२२ ला पूल पूर्ण बंद, फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू सुरू झाली, आणि बघतो तर नवा पूल वर आणि शेजारचा बर्फीवाला फ्लायओव्हर खाली, मध्ये जवळपास दीड मीटरचा फरक. मीम्स सगळ्यांनी फॉरवर्ड केले, मीपण केले. पण झालं काय होतं, तर रुळांपासून गर्डर किती उंच हवा याचा रेल्वेचा नियम मधल्या काळात बदलला होता, त्यामुळे रेल्वेच्या हिशोबाने नवा पूल उंच होणारच, आणि बर्फीवाला जुन्या उंचीवर होता तिथेच राहिला. म्हणजे आपापल्या नियमाने दोघंही बरोबर! चुकलं ते मधलं, आणि मधलं बघायला माणूसच नेमलेला नाही. शेवटी जॅक लावून बर्फीवाला वर उचलला आणि जुलै २०२४ ला दोन्ही जोडले.

आता हे असं का होतं, तर जरा राज्यघटनेत डोकवा. कंटाळवाणं आहे पण दोनच मिनिटं. रेल्वे केंद्राच्या यादीत. रस्ते, पूल राज्याच्या यादीत, आणि त्याच ओळीत पुढे लिहिलंय, म्युनिसिपल ट्रामवे. आपण काय केलं, ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम बंद केली. घटनेत शहराच्या नावाने रुळांवर चालणारी एकच गोष्ट लिहिलेली, तीच भंगारात काढली! मग ७४ वी घटनादुरुस्ती आली, १९९३ पासून लागू, पालिकांना १८ विषय दिले म्हणून सगळीकडे कौतुक. बारावं परिशिष्ट घरी जाऊन वाचा. रस्ते आणि पूल आहेत, पार्किंग आहे, बस स्टॉप आहेत. बस नाही हं, बस स्टॉप.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मेट्रो एकच्या भाड्याने. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर. करार झाला तेव्हा आधार होता इंग्रजांच्या काळातला १८८६ चा ट्रामवे कायदा, भाडं ठरलं ९, ११ आणि १३ रुपये. पुढे २००९ ला मेट्रोचा केंद्रीय कायदा दिल्लीबाहेरच्या शहरांनाही लावायची दुरुस्ती झाली, मुंबईची मेट्रो त्याखाली गेली, आणि त्या कायद्यात पहिलं भाडं ठरवायचा हक्क मेट्रो चालवणाऱ्याला आहे. जून २०१४ ला गाडी सुरू झाली आणि कंपनीने सांगितलं १० ते ४०. एमएमआरडीए, म्हणजे राज्य सरकारचं मुंबई महानगर प्रदेशाचं प्राधिकरण, कोर्टात गेली, तिचा स्वतःचा त्या कंपनीत २६ टक्के हिस्सा, म्हणजे घरातलंच भांडण, पण हायकोर्टाने भाडं थांबवलं नाही. नंतर केंद्राने नेमलेल्या समितीने तर ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली, ती पुढे कोर्टात अडकली. आता यात दिल्लीने मुंबईवर दादागिरी केली असं म्हणता येतं का? दिल्लीने भाडं ठरवलंच नाही ना. अधिकार महापालिकेकडे कधी नव्हताच, राज्याकडे होता तो वर गेला, आणि वरून घरंगळत थेट कंपनीच्या मांडीवर. आपण आपले केंद्र विरुद्ध राज्य करत बसलो.

मेट्रो तीनच्या गाड्या ठेवायला ठरवलेलं कांजूरमार्गचं कारशेड पटकन सांगतो. २०२० ला राज्याने १०२ एकर जमीन एमएमआरडीएला दिली, केंद्राचं मिठागर खातं म्हणालं जागा आमची, डिसेंबरात हायकोर्टाचा स्टे. आणि मेट्रो तीनची कंपनी कोणाची, तर केंद्र आणि राज्य निम्मी निम्मी. भागीदार एकच, भांडणही त्यांचंच, व्याज चढलं आपल्या नावावर.

पण म्हणून सगळं पालिकेकडे द्या असं मी म्हणणार नाही, इथे माझे काही मित्र नाराज होतात, होऊदेत. कोस्टल रोड कोणी बांधला? पालिकेने, १३-१४ हजार कोटींच्या घरातला रस्ता, मुख्यतः कारवाल्यांसाठी. त्याच पालिकेची बेस्ट, तिच्या स्वतःच्या गाड्या वर्षागणिक कमी होत गेल्या आणि मे २०२५ ला किमान तिकीट ५ चं १० झालं. हे काही दिल्लीने करायला लावलं नव्हतं. त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता, म्हणजे स्थानिक नियंत्रण म्हणायचं तर ते नक्की कोणाचं?

शिवाय माणूस विरारला राहतो, बीकेसीत काम करतो, मुलगी शिकायला ठाण्याला, मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत, हद्द त्याला कुठे दिसते, बस बदलावी लागते तेव्हाच दिसते. ऑक्टोबर २०२५ ला मुंबई वन ॲप आलं, ११ सेवांचं तिकीट एका ठिकाणी, चांगलंच झालं. पण तिकीट एक झालं तरी लोकल लेट झाल्यावर बाहेरच्या बसने थांबायचं की नाही हे सांगणारा कोणी नाही.

लंडनवाल्यांनी हे आपल्या आधी भोगलंय. १९८१ ला तिथल्या ग्रेटर लंडन कौन्सिलने भाडी उतरवली, ब्रॉम्ली नावाचं उपनगर कोर्टात गेलं, त्यांच्याकडे ट्यूब येतच नव्हती आणि पैसे मात्र भरायचे. जिंकलेपण. मग १९८४ ला केंद्र सरकारने वाहतूकच काढून घेतली, १९८६ ला कौन्सिलच बरखास्त, आणि २००० ला परत निवडून आलेल्या महापौराच्या हाताखाली दिली. मला ब्रॉम्लीचा राग येत नाही. उद्या बदलापूरवाल्याला सांगून बघा कुलाब्याच्या मेट्रोला वर्गणी दे, काय म्हणेल तो?

म्हणून प्रदेशाचं एकच मंडळ हवं, पण त्यात बदलापूरवाल्याने निवडून दिलेला माणूस हवा. एमएमआरडीए १९७५ पासून आहे, कामं करते, पण तिला मत कोणी देत नाही. आणि घटनेत उपाय लिहिलेला आहे, महानगर नियोजन समिती, कलम २४३ झेडई, किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायत अध्यक्षांमधून निवडलेले. महाराष्ट्राने त्याचा कायदा १९९९ लाच केला. आता मला सांगा, या समितीच्या बैठकीत अमुक ठरलं अशी बातमी तुमच्यापैकी कोणी शेवटची कधी वाचली? ... हं, हेच.

तोवर एक काम करा. तुमच्या भागात रेल्वेवर नवा पूल होणार असेल तर माहिती अधिकारात त्याचं जीएडी मागा, म्हणजे रेल्वेने मंजूर केलेला आराखडा. रेल्वेकडेही मागा, पालिकेकडेही मागा. रुळांपासून गर्डरची उंची त्यात लिहिलेली असते, शेजारच्या फ्लायओव्हरची उंचीपण काढा, आणि एकातून दुसरी वजा करा. चौथीतल्या पोरालासुद्धा जमेल.