मांजरं दारू कशी प्यायली?

नमस्कार मंडळी! आज स्ट्रॅटेजी गेममधल्या गोष्टींबद्दल बोलूया, म्हणजे डेव्हलपरने आधीच लिहून ठेवलेले इव्हेंट (मध्येच समोर येणारा प्रसंग, खाली निवडीची बटणं) एकीकडे आणि खेळता खेळता आपोआप घडणाऱ्या इमर्जंट स्टोऱ्या दुसरीकडे.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा ड्वॉर्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्यांचा किल्ला सांभाळायचा गेम, २००६ मध्ये आलेला. २०१५ च्या अपडेटमध्ये त्यात दारूचे गुत्ते आले आणि लोकांच्या किल्ल्यांतली मांजरं ओकून ओकून मरायला लागली, कारण कोणाला कळेना. मग उलगडा झाला, गुत्त्यात बुटके दारू सांडतात, मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटून साफ करतं, आणि हिशोबातल्या चुकीमुळे पंजा चाटला की अख्ख्या पेल्याएवढी दारू पोटात! सांडणं, चालणं, चाटणं, तीन वेगळे नियम एकमेकांना भिडले आणि कोणीच न लिहिलेली गोष्ट तयार झाली, लोक अजून ती सांगतात.

आता युरोपा युनिव्हर्सॅलिस २ घ्या, इतिहासातला एखादा देश चालवायचा गेम. त्यात बरेचसे इव्हेंट ठरलेल्या देशाला ठरलेल्या साली यायचे. पहिल्या खेपेला भारी वाटतं, पण दुसऱ्यांदा तुम्हाला माहीतच असतं ना, मग मजकूर कोण वाचतंय, कुठल्या बटणाला फायदा जास्त तेवढं बघायचं आणि पुढे.

पण म्हणून लिहिलेले इव्हेंट नकोतच, हे मला अजिबात पटत नाही. नुसतं सिम्युलेशन, म्हणजे नियमांवर आपोआप चालणारं गेममधलं जग, मुकं असतं हो, आत खूप काही घडतं पण खेळणाऱ्यापर्यंत पोचत नाही. २०२० च्या क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये, म्हणजे मध्ययुगातलं राजघराणं चालवायच्या गेममध्ये, दयाळू राजाने कैद्याचा जीव घेतला की त्याचा स्ट्रेस वाढतो, आणि असा साठत गेला की गेम थांबून विचारतो, आता हा माणूस सावरणार कसा, दारूला लागणार की आणखी काही? वाक्यं लिहिलेलीच आहेत, पण ती तुमच्यासमोर आली ती तुमच्याच हुकमामुळे, म्हणून मनाला लागतात. मला इव्हेंट असाच हवा, आधी काय घडलंय ते बघून येणारा. १९९९ च्या किंग ऑफ ड्रॅगन पास या टोळी सांभाळायच्या गेममध्ये तर आज घेतलेला निर्णय कित्येक वर्षांनी परत दारात उभा राहतो.

आणि एक विनंती, जुना सेव्ह लोड करणं सोडा. पुढचा डाव आयर्नमॅन मोडवर लावा, म्हणजे जुन्या सेव्हवर परत जाताच येत नाही, वारस बिनडोक निघाला तरी त्यालाच गादीवर बसवा आणि काय होतंय ते बघा.